आधी पुस्तिका, मग प्रश्न : एका दंडकाचा इतिहास

संगणकावर काम करणाऱ्या मंडळींत एक दंडक रूढ आहे. सॉफ्टवेअर वापरताना अडचण आली असता प्रथम त्याची माहितीपुस्तिका वाचावी आणि तीत उत्तर न सापडल्यासच दुसऱ्यास विचारावे, असा तो दंडक होय. सकृद्दर्शनी त्यात वावगे असे काहीच नाही. जो श्रम आपण करू शकतो तो दुसऱ्यावर टाकू नये, हे कोणत्याही विद्येच्या क्षेत्रात मान्य व्हावे असेच आहे. प्रस्तुत लेखकही अनेक वर्षे हाच दंडक आपल्या विद्यार्थ्यांस सांगत आला. परंतु दोन वर्षांपूर्वी एक प्रसंग असा घडला, की त्यानंतर या दंडकाचा उगम कोठे झाला आणि तो कोणत्या परिस्थितीत न्याय्य होता, याचा शोध घेणे आवश्यक वाटू लागले.

एम.ए.ची एक विद्यार्थिनी ध्वनिमुद्रित बोलीचे लिप्यंतर करीत होती. ‘आचाऱ्यास’ हा शब्द ती टंकलिखित करू जाई तेव्हा पडद्यावर ‘आचार्यास’ असे उमटे. स्वयंपाक्याचे आचार्य झाले, हा विनोद सोडून दिला तरी लिप्यंतराच्या दृष्टीने हा दोष गंभीर होता. कारण मराठीत ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे भिन्न शब्द आहेत आणि हा भेद नोंदला न जाईल तर सर्व सामग्रीच संशयास्पद ठरते. तिने विचारले तेव्हा मी सवयीने म्हणालो, “पुस्तिका वाचलीत का?” ती म्हणाली, “सर, वाचली. पण कुठं पाहावं तेच कळलं नाही.” हे उत्तर मला त्या वेळी सबबीसारखे वाटले. पुढे मी स्वतः शोधू लागलो आणि माझ्या दोन संध्याकाळी त्यात गेल्या. काय सापडले ते ओघाने येईलच. आधी इतिहास पाहू.

या इतिहासाचा आरंभ मँचेस्टर येथे करणे योग्य होईल. तेथील विद्यापीठास १९५१ च्या आरंभी फेरांटी कंपनीने बांधलेला संगणक मिळाला आणि त्याच वर्षी अ‍ॅलन ट्युरिंग यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एक पुस्तिका सिद्ध केली. ट्युरिंग यांच्या प्रतिभेविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण पुस्तिकालेखक म्हणून त्यांनी वाचकाकडून जी अपेक्षा केली ती आज वाचताना अंगावर येते. यंत्रातील अंक पाच-पाच द्विमान स्थानांच्या गटांनी वाचावयाचे व प्रत्येक गटास टेलिप्रिंटरचे एक अक्षर योजावयाचे, अशी ही बत्तीस पायाची अंकपद्धती होती. शून्यासाठी तिरपी रेघ. त्यातही सर्वांत लहान मूल्याचे स्थान डावीकडे. म्हणजे आपण नेहमी जसे लिहितो त्याच्या नेमके उलट. चाळीस द्विमान स्थानांची एक संख्या अशा रीतीने आठ अक्षरांत मावे, आणि वाचकाने ही अक्षरे पाठ करून त्यांत बेरीज-वजाबाकी करावी अशी लेखकाची धारणा होती. ट्युरिंग यांस स्वतःस ते अवघड गेले नसावे. आपणांस जे सुलभ ते सर्वांस सुलभ, ही चूक थोर माणसांच्या हातून अधिक होते.

असे असूनही ही पुस्तिका एका वाचकापुरती पूर्ण यशस्वी झाली. हॅरो येथील शाळेत शिक्षक असलेले क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी ती मिळवली, एकट्याने अभ्यासली आणि हजारांहून अधिक आज्ञांचा एक प्रोग्रॅम लिहून ते मँचेस्टरला गेले. यंत्राने स्वतःच्याच व्यवहाराचे अनुकरण करावे, असा त्या प्रोग्रॅमचा हेतू होता आणि तो ट्युरिंग यांनीच सुचवलेला होता. रात्रभर काम चालले आणि अखेरीस प्रोग्रॅम नीट चालून यंत्राच्या भोंग्यातून ब्रिटिश राष्ट्रगीताचे सूर निघाले. ही कथा संगणकाच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते आणि ती खरीही आहे. परंतु तिचा जो निष्कर्ष काढला जातो, की पुस्तिका नीट वाचणाऱ्यास कोणास काही विचारावे लागत नाही, तो तपासून पाहावयास हवा. पहिली गोष्ट, स्ट्रेची यांचा ट्युरिंग यांच्याशी केंब्रिजच्या दिवसांपासून परिचय होता. दुसरी गोष्ट, त्याआधी त्यांनी दुसऱ्या एका यंत्रासाठी पटावरील सोंगट्यांच्या खेळाचा प्रोग्रॅम लिहून पाहिला होता. म्हणजे काय शोधावयाचे हे त्यांस ठाऊक होते. इतर वाचकांचे काय झाले, याचे उत्तर पुढील घटनांतच आहे. लवकरच टोनी ब्रुकर यांस ती पुस्तिका नव्याने लिहावी लागली. तेवढ्यानेही भागले नाही, तेव्हा १९५४ मध्ये त्यांनी ‘ऑटोकोड’ ही सोपी लेखनपद्धती रचली आणि त्या पद्धतीत सामान्य शास्त्रज्ञ थोड्याच अवधीत स्वतःचे प्रोग्रॅम लिहू लागले. लोकांनी पुस्तिका वाचली नाही म्हणून त्यांस दोष देण्याऐवजी वाचावयाची वस्तूच बदलण्यात आली, हे येथे ध्यानात घ्यावे.

त्याच सुमारास केंब्रिज येथे निराळा प्रकार चालू होता. विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांचे प्रोग्रॅमलेखनावरील पुस्तक १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. या विषयावरचे ते पहिले छापील पुस्तक मानले जाते. पण त्या पुस्तकाबरोबरच १९५० पासून तेथे उन्हाळी वर्ग भरू लागले होते, आणि १९५१ च्या वर्गास हॉलंडहून आलेल्या विद्यार्थ्यांत पुढे प्रख्यात झालेले डायक्स्ट्रा होते. वाचन आणि विचारणे ही दोन्ही एकाच खोलीत चालत होती. कोणते आधी, हा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता.

ज्या दंडकाचा आपण विचार करीत आहोत तो मात्र खऱ्या अर्थाने जन्मास आला तो अमेरिकेत, न्यू जर्सीमधील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी रचलेल्या युनिक्स या प्रणालीच्या पुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ या दिनांकाची आहे. संगणकाच्या पुस्तिकांपैकी हिच्याइतका दीर्घकाळ टिकलेला घाट दुसऱ्या कोणत्याही पुस्तिकेस लाभला नाही. प्रत्येक आज्ञेस स्वतंत्र पान. पानावर ठरलेल्या क्रमाने सदरे : नाव, प्रयोगाचे सूत्र, वर्णन, संबंधित फायली, अन्यत्र पाहावयाची पाने, आणि शेवटी दोष. स्वतःच्या कृतीतील दोष छापून जाहीर करणारे हे सदर त्या पुस्तिकेचे भूषणच म्हटले पाहिजे. डग्लस मॅकिलरॉय यांनी पुढे ज्या काटेकोरपणे या पानांचे संपादन केले, त्याचा परिणाम खुद्द प्रोग्रॅमांवरही झाला. जे थोडक्यात आणि स्वच्छ सांगता येत नाही ते मुळातच दुरुस्त करावे, अशी त्या मंडळींची वृत्ती बनली.

पहिल्या आवृत्तीत आणखी एक सदर होते आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. ते सदर म्हणजे ‘स्वामी’. पानाच्या तळाशी, ती आज्ञा ज्याने लिहिली त्याचे संक्षिप्त नाव दिलेले असे. अर्थ उघड होता : येथवर वाचूनही शंका राहिली तर अमुक व्यक्तीकडे जावे. जून १९७२ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी युनिक्स एकंदर दहा ठिकाणी चालू होते. लिहिणारा, वाचणारा आणि विचारणारा यांच्यामध्ये फारतर एका जिन्याचे अंतर होते. अशा मंडळीत ‘आधी वाच, मग विचार’ हा नियम सौजन्याचाच होता. कारण वाचल्यानंतर कोणास विचारावयाचे हे ते पानच सांगत होते. पुढे प्रणालीचा प्रसार झाला आणि हे सदर पानांवरून नाहीसे झाले. दोषांचे सदर राहिले. दंडकही राहिला.

प्रसाराचे कारण भाषेचे वा तंत्राचे नव्हते, कायद्याचे होते. बेल प्रयोगशाळेची स्वामिनी असलेल्या दूरध्वनी कंपनीवर अमेरिकन सरकारशी १९५६ मध्ये झालेल्या तडजोडीची बंधने होती. दळणवळणाबाहेरचा धंदा करण्यास तिला मज्जाव होता. म्हणून युनिक्स विद्यापीठांस अल्प शुल्कात देण्यात आले, पण विकलेल्या मालाप्रमाणे नव्हे. दुरुस्ती नाही, साहाय्य नाही, तक्रार ऐकणारे कोणी नाही. चुंबकीय फीत आणि पुस्तिका हाती पडे आणि संबंध संपे. यातूनच वापरणाऱ्यांची मंडळे उभी राहिली, वार्तापत्रे निघाली, ऑस्ट्रेलियात जॉन लायन्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी मूळ प्रोग्रॅमवर १९७६–७७ मध्ये विस्तृत टीका लिहिली. जे मूळ पुस्तिका पुरवू शकत नव्हती ते एकमेकांस विचारूनच भागवावे लागले, आणि हे विचारणे त्या काळी कोणी कमीपणाचे मानले नाही.

येथे भाषाभ्यासकाच्या दृष्टीने एक गोष्ट थोडी थांबून पाहिली पाहिजे. युनिक्सची पाने आज्ञांच्या नावानुसार वर्णक्रमाने लावलेली होती. ज्यास नाव ठाऊक आहे त्यास यापरते सोयीचे काही नाही. पण ज्यास नाव ठाऊक नाही त्याने काय करावे? मजकुरात एखादा शब्द कोठे आला आहे हे शोधणारी आज्ञा ‘ग्रेप’. हे नाव इंग्रजीतील कोणत्याही ‘शोधणे’ या अर्थाच्या धातूवरून आलेले नाही. ‘एड’ या संपादनसाधनात ‘सर्वत्र अमुक आकृती शोधून छाप’ अशी जी आज्ञा देत तिच्या अक्षरांचा तो उच्चार आहे. ‘ऑक’ हे नाव तर तिघा कर्त्यांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून झाले. रूढी आणि यदृच्छा यांनी बनलेली ही नावे समाजात वावरून कळतात, व्युत्पत्तीने नव्हे. ही उणीव कर्त्यांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. पुढील आवृत्त्यांत त्यांनी आवर्तित सूची जोडली. प्रत्येक पानाच्या एका ओळीच्या शीर्षकातील प्रत्येक महत्त्वाचा शब्द आळीपाळीने अग्रभागी आणून ती सर्व वर्णक्रमाने लावावयाची, ही युक्ती आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ग्रंथसूचीसाठी प्रचारात आणली होती. उपाय चतुर होता, पण पुरा नव्हता. शीर्षकात जो शब्द नाही तो सूचीतही नाही. शब्द ‘सापडवणे’ अशा कल्पनेने जो ‘फाइंड’ हा इंग्रजी शब्द पाही तो नेमका दुसऱ्याच आज्ञेच्या पानावर जाई. ती आज्ञा फायली शोधणारी, त्यांतील मजकूर शोधणारी नव्हे.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचे स्वरूप फार पूर्वी स्पष्ट झालेले आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीतील सुमारे चार हजार सूत्रांचा क्रम लाघवाच्या तत्त्वाने ठरलेला आहे. मागील सूत्रातील पदांची अनुवृत्ती पुढे चालावी आणि एकही अक्षर दोनदा खर्ची पडू नये, हा त्यातील हेतू. जाणत्यास तो क्रम अमोल आहे. पण एका शब्दाचे रूप सिद्ध करू पाहणाऱ्या नवशिक्यास आठही अध्यायांत हिंडावे लागते. सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांनी तीच सूत्रे सिद्धान्तकौमुदीत प्रकरणशः मांडली आणि त्यांचे शिष्य वरदराज यांनी आरंभीच्या विद्यार्थ्यांसाठी त्यातून लघुकौमुदी काढली. सूत्रे बदलली नाहीत. ती कोणत्या प्रश्नाच्या वाटेने गाठावयाची ती वाट बदलली. युनिक्सच्या मंडळींनीही काही प्रमाणात हेच केले. मॅकिलरॉय आणि कर्निगन यांनी संपादिलेल्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीचा पहिला खंड सूत्रमय पानांचा आहे, तर दुसऱ्या खंडात विवरणात्मक लेख आहेत आणि त्यांत कर्निगन यांचा खास नवागतांसाठी लिहिलेला लेखही आहे. दुर्दैवाने ‘पुस्तिका वाच’ असे पुढे ज्यांनी सुनावले त्यांच्या मनात बहुधा पहिलाच खंड असे.

सुनावण्याची ही भाषा केव्हा रूढ झाली? समीकरणे सोडवण्याच्या ‘लिनपॅक’ या प्रोग्रॅमसंग्रहाची मार्गदर्शिका १९७९ मध्ये निघाली. तिच्या अनुक्रमणिकेच्या पानावर आर-टी-एफ-एम ही चार अक्षरे आणि खाली ‘अनामिक’ असे छापलेले आहे. या संक्षेपाच्या जुन्या छापील पुराव्यांत याची गणना होते. ‘वाच ती पुस्तिका’ असा त्याचा अर्थ. मात्र ‘ती’च्या पुढे एक असे विशेषण आहे की जे या पत्रिकेत छापता येणार नाही. त्या मार्गदर्शिकेत तो आपसांतील विनोद होता. विनोद ज्यांच्यात जन्मला त्या वर्तुळाबाहेर तो अपरिचितास उद्देशून उच्चारला गेला की त्याचा अर्थ तोच राहत नाही. रूपाने ते आज्ञार्थी वाक्य आहे आणि दिशादर्शन करते आहे असा भास होतो; पण कोणते पान, कोणते सदर, कोणता शब्द, यांपैकी काहीच त्यात नाही. त्याचे कार्य विचारणाऱ्यास ‘तू आमच्यातला नाहीस’ हे कळवण्याचे आहे.

याच काळात मानसशास्त्रज्ञ या प्रश्नाकडे वळले. सान डिएगो येथील डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८१ मध्ये ‘डेटामेशन’ या नियतकालिकात युनिक्सवर कठोर टीका केली. नावांतील विसंगती आणि प्रणालीचे मौन हे त्यांच्या आक्षेपांचे विषय होते. बेल प्रयोगशाळेतून मायकेल लेस्क यांनी त्यास उत्तरही दिले. परंतु अधिक मूलगामी काम आयबीएमच्या संशोधनकेंद्रात जॉन कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. कार्यालयांतील लेखनयंत्र शिकू पाहणाऱ्या माणसांपुढे पुस्तिका ठेवून ती माणसे प्रत्यक्ष काय करतात हे त्यांनी तासन्‌तास पाहिले. माणसे पुस्तिका वाचीत नव्हती असे नाही. ती मधूनच उघडीत, पाने उलटीत, प्रस्तावना ओलांडीत, आणि वाचण्यापूर्वीच काहीतरी करून पाहत. कॅरोल यांनी यास आळस म्हटले नाही. माणूस शिकण्यासाठी यंत्रापुढे बसत नाही, त्याला एक पत्र लिहावयाचे असते. त्या हेतूपासून दूर नेणारे प्रत्येक पान त्यास अडथळाच वाटते, असे त्यांनी दाखवून दिले. मग त्यांनी छोटी पुस्तिका रचली. तीत प्रास्ताविके गाळली आणि चूक झाल्यास बाहेर कसे पडावे याचे मार्गदर्शन वाढवले. ती घेऊन शिकणारे मोठ्या पुस्तिकेवर शिकणाऱ्यांपेक्षा बऱ्याच लवकर तयार झाले. या संशोधनाचा ग्रंथ १९९० मध्ये ‘न्यूर्नबर्गचे नरसाळे’ या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याच्या डोक्यात नरसाळ्याने विद्या ओतता येते, या जुन्या जर्मन थट्टेचा तो उल्लेख आहे.

कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात ल्यूसी सचमन यांनी केलेले निरीक्षण तर भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस विशेष रंजक वाटेल. छायाप्रती काढणाऱ्या नव्या यंत्रापुढे दोन माणसे गोंधळून उभी आहेत आणि यंत्राच्या सूचनांचा अर्थ परस्परांस विचारीत आहेत, असे चित्रण त्यांनी केले. ती दोन माणसे सामान्य नव्हती. एक होते कृत्रिम बुद्धिमत्तेचे आद्य अभ्यासक अ‍ॅलन न्यूएल आणि दुसरे जोन ब्रेझनन यांच्यासह शब्दकोशाधिष्ठित कार्यात्मक व्याकरणाची उपपत्ती मांडणारे रॉन कॅप्लन. ज्यांनी व्याकरण रचले त्यांस दोन्ही बाजूंनी प्रती काढण्याची सूचना उलगडेना! सचमन यांच्या १९८७ च्या ग्रंथाचा निष्कर्ष असा, की कोणतीही लिखित सूचना प्रसंगापासून तुटलेली असते आणि तिचा अर्थ लावण्याचे काम प्रसंगी उभ्या असलेल्या माणसालाच करावे लागते. हे काम तो शक्य तेव्हा दुसऱ्याशी बोलून करतो.

याचा अर्थ पुस्तिका वाचू नये असा नव्हे. वाचल्याशिवाय विचारणाऱ्यांचा उपद्रव मीही सोसला आहे. स्वरविश्लेषणाच्या ‘प्राट’ या प्रणालीत मदतीची पाने एका कळीच्या अंतरावर असता आलेख का दिसत नाही हे वर्गात तीनदा विचारले गेले, तेव्हा माझाही संयम सुटला आहे. उत्तर देणाऱ्याचा वेळ ही खरी गोष्ट आहे, विशेषतः तो विनामोबदला उत्तर देत असतो तेव्हा. एकोणीसशे ऐंशीनंतर संगणकजालांवरील चर्चामंडळांत तेच प्रश्न पुनःपुन्हा येऊ लागले, तेव्हा कंटाळलेल्या जाणत्यांनी वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची टाचणे तयार केली. या कल्पनेशी नासातील युजीन मिया यांचे नाव जोडले जाते. त्या टाचणांचा क्रम वर्णांचा नव्हता, विचारणाऱ्यांच्या प्रश्नांचा होता. प्रश्नच जर कोणी विचारले नसते तर ती लिहिली गेलीच नसती. आज अनेक जण संगणकीय भाषाप्रतिमानास प्रश्न टाकतात आणि उत्तर मिळवतात. ती उत्तरेही पुस्तिकांइतकीच अशा जुन्या प्रश्नोत्तरांच्या साठ्यावर पोसलेली आहेत. म्हणून ‘आधी वाचावे’ या कर्तव्याची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्यास नाव माहीत नाही त्यासही पान सापडेल अशी व्यवस्था जेथे आहे, तेथेच न वाचल्याचा दोष वाचकाकडे जातो. जेथे नाही, तेथे ‘कुठे पाहावे ते कळले नाही’ ही सबब नसून पुस्तिकेच्या रचनेवरील अचूक टीका असते.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. उत्तर छापलेले होते. युनिकोड या लिपिसंकेताच्या प्रमाणग्रंथात देवनागरीच्या प्रकरणात तो नियमच आहे : ०९३१ या क्रमांकाच्या ‘ऱ’ अक्षरापुढे हलन्त चिन्ह दिले असता मराठीत लागणारा आडवा अर्धा र उमटतो, शिवाय १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असाही पर्याय ठेवला आहे. पण या रूपाचे तेथील नाव इंग्रजीत ‘पापणीचा र’ अशा अर्थाचे आहे. मराठीच्या कोणत्या शिक्षकाने वर्गात ‘पापणीचा र’ म्हटले असेल? आपण ‘वाऱ्यातला र’ म्हणतो, ‘चंद्रकोरीसारखा’ म्हणतो, किंवा नुसते लिहून दाखवतो. त्यावर कडी म्हणजे अक्षरतक्त्यात ‘ऱ’ समोर जी टीप आहे ती द्राविड भाषांतील वर्त्स्य र लिहिण्यासाठी हे अक्षर आहे असे प्रथम सांगते. मराठी वाचक तेथवर पोहोचला तरी हे आपले नव्हे असे समजून परत फिरावा, अशीच ती मांडणी आहे. त्या मुलीने प्रामाणिकपणे वाचले होते. तिच्याजवळ नसलेली गोष्ट म्हणजे तो एक शब्द, आणि तो शब्द माझ्याजवळही नव्हता.

मी तिची क्षमा मागितली आणि विभागाच्या संगणककक्षात एक कागद लावला. त्यावर ‘वाऱ्या, दऱ्या, तऱ्हा, आचाऱ्यास’ हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहून खाली इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह र ची कळ, मग हलन्त, मग पुढचे व्यंजन, एवढेच लिहिले आणि तळाशी माझे नाव व खोलीचा क्रमांक घातला. महिन्याभरात त्या कागदावर कोणीतरी पेन्सिलीने, भ्रमणध्वनीच्या काही कळफलकांवर हा ऱ दीर्घ दाबल्याखेरीज दिसत नाही, अशी भर घातलेली आढळली.